नांवांतील गांव आणि नांवांतील पद

मराठी माणसाची ओळख करून घेतांना पहिला प्रश्न नांवाचा आणि दुसरा गांवाचा, ही रीत फार जुनी आहे. पुष्कळदां दुसरा प्रश्न विचारावाच लागत नाहीं. आडनांवाच्या शेवटीं बसलेला 'कर' हा प्रत्यय तें गांव आपण होऊन सांगतो. निंबाळकर, होळकर, पलुसकर, आंबेडकर, इचलकरंजीकर हीं आडनांवें कानीं पडतांच कोठें तरी तें तें गांव आहे, आणि केव्हां तरी त्या घराण्याचा त्याच्याशीं संबंध आला होता, इतकें ऐकणाराला कळतें. परंतु तो संबंध कोणत्या प्रकारचा होता? गांव त्या घराण्याचें होतें, कीं घराणें त्या गांवचें होतें? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण सरंजामी काळांतील मानपान, हक्क आणि वतनें ह्यांचा बराचसा इतिहास त्याच्या पोटांत आहे.

हा प्रश्न मराठीपुरताच नाहीं. जर्मन आडनांवांपूर्वीं येणारा 'फॉन' हा शब्द सुशिक्षित श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. बिस्मार्क आणि हिंडेनबुर्ग ह्यांच्या नांवांत तो आहे, आणि तो दिसला म्हणजे मनुष्य सरदार कुळांतला, असा सर्वसाधारण समज आहे. शब्दाचा अर्थ मात्र अगदीं साधा आहे. 'फॉन' म्हणजे 'अमुक ठिकाणचा'. मध्ययुगांत मोठीं घराणीं आपल्या गढीच्या किंवा मुलखाच्या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं, तेव्हां त्यांनीं हा शब्द घेतला. पण खेडें सोडून शहरांत येऊन राहिलेल्या साध्या कारागिरालाही शेजारी त्याच शब्दानें ओळखीत. त्याच्या जोडीला 'त्सू' असा दुसरा शब्द आहे. घराणें जेथून निघालें तें ठिकाण 'फॉन' दाखवितो, आणि जें ठिकाण घराण्याच्या ताब्यांत आहे तें 'त्सू' दाखवितो. मूळचें ठिकाण हातचें गेलेलें नसलें, म्हणजे दोन्ही शब्द जोडून 'फॉन उंड त्सू' असें लिहीत. लिख्टेनश्टाइनच्या राजघराण्याच्या नांवांत ही जोडी आजही आढळते.

पुढें बादशहाच्या सनदेनें नवे सरदार करण्याचा प्रघात वाढला, आणि 'फॉन' हा शब्द गांवापासून सुटा झाला. महाकवि गटे ह्यांस १७८२ सालीं बादशहा दुसरा जोसेफ ह्यानें सरदारकी दिली, तेव्हां त्यांच्या आडनांवापूर्वीं 'फॉन' आला. शिलर ह्यांच्या नांवांत तो १८०२ सालीं आला. गटे किंवा शिलर हीं कांहीं त्यांच्या जहागिरीच्या गांवांचीं नांवें नव्हत. 'अमुक ठिकाणचा' ह्या अर्थाला तेथें जागाच उरली नव्हती. उरला होता तो केवळ मान. उलटपक्षीं, स्वित्झर्लंडांत नांवांत 'फॉन' असलेलीं, पण सरदारकीशीं कधींही संबंध न आलेलीं शेतकरी घराणीं आहेत. शब्द एकच, एकीकडे गांव आहे आणि मान नाहीं, दुसरीकडे मान आहे आणि गांव नाहीं.

ह्या घोटाळ्याचा अनुभव संगीतकार बेटहोव्हन ह्यांस व्हिएन्ना शहरीं आला. त्यांच्या नांवांतील 'व्हान' हा शब्द डच बोलींतील असून त्याचा अर्थ 'फॉन'प्रमाणेंच 'अमुक ठिकाणचा' असा आहे. पण त्या मुलखांत तो सरदारकीची खूण कधींच नव्हता. पुतण्याच्या पालकत्वाविषयीं त्यांचा जो दावा चालला होता, तो केवळ सरदारवर्गासाठीं असलेल्या न्यायालयांत दाखल झालेला होता. १८१८ सालच्या डिसेंबरांत सरदारकीच्या पुराव्याचा प्रश्न निघाला. पुरावा नव्हता. तेव्हां तो दावा सामान्य नागरिकांच्या न्यायालयाकडे वर्ग करण्यांत आला. एका अक्षराच्या फरकानें मनुष्य कोणत्या न्यायाधीशापुढें उभा राहील हें ठरत होतें. नांवांतील अशा शब्दांना त्या काळीं किती वजन होतें, हें ह्यावरून ध्यानीं यावें.

मराठींतील 'कर' हा ह्या 'फॉन'चा जवळचा नातेवाईक शोभतो. परंतु त्याच्या वागणुकींत एक मौज आहे. सामान्य माणसाला 'कर' मिळण्यासाठीं बहुधा गांव सोडावें लागतें. ज्या गांवांत सर्वच त्या गांवचे, तेथें गांवाच्या नांवानें कोणाला निराळें कसें ओळखावें? पलूस गांवांत प्रत्येकजण पलूसचाच. तेथील मूळचें गाडगीळ घराणें बाहेर पडलें, म्हणून लोक त्याला पलुसकर म्हणूं लागले. आणि १८७२ सालीं कुरुंदवाड येथें जन्मलेले गायनाचार्य विष्णु दिगंबर हे पलुसकर ह्याच नांवानें हिंदुस्थानभर प्रसिद्धि पावले. हा 'कर' परक्या गांवच्या लोकांनीं दिलेला असतो. घर बदललें, धंदा बदलला, पिढ्या लोटल्या, तरी मागें राहिलेलें गांव तो विसरूं देत नाहीं.

जहागीरदाराच्या 'कर'ची गोष्ट अगदीं उलट आहे. कागलकर घाटगे कागलांतच राहत, आणि कागलांत राहूनच ते कागलकर होते. येथें 'कर' गांवाहून आलेला मनुष्य दाखवीत नाहीं. गांव ज्याच्याकडे आहे तो मनुष्य दाखवितो. जर्मन भाषेनें ह्या दोन गोष्टींसाठीं 'फॉन' आणि 'त्सू' असे दोन शब्द ठेवले. मराठीनें एकाच 'कर'वर दोन्ही ओझीं घातलीं. एक 'कर' गांव सुटल्याची खूण, दुसरा गांव मिळाल्याची.

दोहोंमधील भिंत पक्की नव्हती, हें होळकरांच्या उदाहरणावरून दिसतें. नीरेच्या कांठच्या होळ गांवावरून धनगर कुळांतील एका घराण्याला हें आडनांव पडलें. मल्हारराव होळकर १६९३ सालीं जन्मले आणि १७६६ सालीं वारले. मधल्या काळांत त्यांनीं माळव्यांत जें राज्य उभें केलें, तें इंदूरच्या गादीच्या रूपानें १९४८ पर्यंत टिकलें. आडनांवांत मात्र होळ गांवच राहिलें. फलटणच्या राजघराण्याचें तेंच. तें घराणें आपलें मूळ पवार कुळांत सांगतें. निंबळक गांवीं वस्ती झाल्यामुळें निंबाळकर हें नांव आलें, आणि त्याच्या आधीं 'नाईक' हें पद बसलें. दुसऱ्या टोकाला, रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गांवचें सकपाळ घराणें आहे. त्या घराण्यांतील मुलाचें नांव शाळेंत आंबडवेकर असें लागलें आणि पुढें तें आंबेडकर झालें. इंदूरच्या महाराजांना जो प्रत्यय, तोच ज्या घराण्याला गांवच्या पाणवठ्यावर पाय ठेवूं देत नव्हते त्या घराण्यालाही; आणि त्याच घराण्यांतील पुरुषाच्या हातून पुढें भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. 'कर' लावण्यास राजाची परवानगी लागत नसे आणि धर्मशास्त्राचीही लागत नसे. जर्मन 'फॉन' ज्याप्रमाणें सनदेच्या कोंडींत सांपडला, त्याप्रमाणें मराठी 'कर' कधींच सांपडला नाहीं. ह्यांतच त्याचा मोठेपणा आहे.

हे दोन्ही 'कर' एकाच पेठेंत कसे नांदत, हें पाहावयाचें तर इचलकरंजीस जावें. तेथील जहागिरीचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे कोंकणांतून आलेले ब्राह्मण. सेनापति संताजी घोरपडे ह्यांच्या पदरीं राहून ते वाढले. १६९७ सालीं संताजी मारले गेल्यावरही त्यांनीं त्या घराण्याची निष्ठा सोडली नाहीं, आणि धन्याविषयींच्या कृतज्ञतेनें 'जोशी' टाकून 'घोरपडे' हें आडनांव घेतलें. त्यांचे पुत्र व्यंकटराव ह्यांस पेशवे बाळाजी विश्वनाथ ह्यांची कन्या अनुबाई दिली होती. मराठ्याचें आडनांव धारण करणारें हें कोंकणस्थ ब्राह्मण घराणें पुढें इचलकरंजीकर म्हणून प्रसिद्ध झालें. जोशी हें वृत्तीचें नांव, घोरपडे हें निष्ठेचें आणि इचलकरंजीकर हें सत्तेचें. असे तीन थर एकाच घराण्यांत सांपडतात. आतां त्याच इचलकरंजींत दरबारगायक म्हणून राहिलेले बाळकृष्णबुवा हेही इचलकरंजीकरच. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे आणि पलुसकरांचे गुरु म्हणून त्यांची ख्याति आहे. त्यांच्यापाशीं गांवची सनद नव्हती. होता तो गळा. पण नांव ऐकून जहागीरदार कोण आणि गवई कोण, हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

गांवाइतकाच दुसरा आधार पदाचा. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं फारसी हुद्द्यांना संस्कृत नांवें दिलीं. पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत आणि सरनोबतास सेनापति असें म्हणूं लागले. हीं कामाचीं नांवें होतीं. काम ज्याला जमेल त्यानें करावें, हा त्यांतील हेतु होता. परंतु राजाराममहाराजांच्या काळापासून मोंगलांशीं चाललेल्या झुंजींत सरदारांना वतनें आणि सरंजाम देऊन धरून ठेवावें लागलें, आणि पदें हळूहळू वंशपरंपरेचीं झालीं. बापामागें मुलगा अमात्य, त्याच्यामागें नातू अमात्य. मग तो हिशेब पाहो वा न पाहो. 'आज्ञापत्र' लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य हे खरोखरीच राज्य चालविणारे मुत्सद्दी होते. त्यांच्या वंशजांस बावड्याची जहागीर राहिली आणि 'पंत अमात्य' हें त्यांच्या नांवाचा भाग झालें.

प्रतिनिधींची कथा ह्याहून बोलकी आहे. साताऱ्याकडील किन्हई गांवचें हें कुलकर्णी घराणें. त्यांतील परशुराम त्रिंबक ह्यांस राजाच्या खालोखाल असें प्रतिनिधिपद मिळालें. पुढें सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ सालच्या वारणेच्या तहानें त्यांच्या सीमा ठरल्या. प्रतिनिधींचीही दोन घरें झालीं. एक औंधास, दुसरें विशाळगडास. 'कुलकर्णी' हें आडनांव मागें पडलें आणि 'पंतप्रतिनिधि' हेंच आडनांव झालें. औंधाचे राजे भवानराव ह्यांनीं १९३९ सालीं आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली, तेव्हांही त्यांचें आडनांव पंतप्रतिनिधि हेंच होतें. त्यांचे पुत्र स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि आप्पा पंत ह्या सुटसुटीत नांवानें ओळखले गेले. प्रतिनिधि गेला, पंत राहिला. राजाचा प्रतिनिधि म्हणून ज्या घराण्याला नांव मिळालें, त्याचा वंशज लोकराज्याचा प्रतिनिधि झाला, तो तें बिरुद टाकल्यावर!

तिसरा प्रकार किताबांचा. परंपरा अशी सांगते कीं, संभाजीमहाराजांच्या वधानंतर तुळापूर येथें औरंगजेबाच्या छावणीवर अचानक छापा घालून बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले गेले, आणि त्या पराक्रमाबद्दल राजाराममहाराजांनीं संताजी घोरपडे ह्यांस 'ममलकतमदार', त्यांचे बंधु बहिर्जी ह्यांस 'हिंदुराव', मालोजी ह्यांस 'अमीर-उल-उमराव' आणि विठोजी चव्हाण ह्यांस 'हिंमतबहादूर' असे किताब दिले. हे किताबही वंशांत चालत राहिले. दत्तवाडचे घोरपडे अमीर-उल-उमराव म्हणवीत. चव्हाणांचें घराणें हिंमतबहादूर ह्याच नांवानें ओळखलें गेलें. आज कोल्हापूर शहरांत 'हिंमतबहादूर परिसर' हा वस्तीचा पत्ता आहे. एका रात्रीच्या धाडसाचें बक्षीस तीनशें वर्षांनीं टपालाच्या उपयोगीं पडत आहे. किताब मोठा असला तरी तो एकट्याचा असतोच असें नाहीं. 'सेनाखासखेल' हा किताब कोल्हापूरच्या पदरच्या तोरगलकर शिंद्यांकडे होता आणि बडोद्याच्या गायकवाडांकडेही होता. म्हणून किताबावरून माणूस ओळखत नाहीं. शेवटीं आडनांव आणि गांव हींच विचारावीं लागतात.

माणसांनीं गांवांचीं नांवें घेतलीं, तशीं गांवांनींही माणसांचीं बिरुदें घेतलीं. घोरपड्यांची कापशी ही आजतागायत 'सेनापति कापशी' आहे. सेनापति नाहीं, सेना नाहीं, पण गांवाचा मान अबाधित आहे. करवीर तालुक्यांत एक शिरोली आहे, तिच्या नांवापुढें 'दुमाला' हा शब्द येतो. सरकारनें आपला महसुली हक्क दुसऱ्याच्या हवालीं केलेलें गांव म्हणजे दुमाला गांव. हातकणंगले तालुक्यांतील दुसरी शिरोली पंचगंगेच्या पुलावरून 'पुलाची शिरोली' झाली. एका शिरोलीला जुन्या महसुली व्यवस्थेनें नांव दिलें, दुसरीला रहदारीच्या सोयीनें.

ह्या सर्व मानचिन्हांच्या मुळावर घाव घालण्याचें काम कोल्हापुरांत एका राजानेंच सुरू केलें. छत्रपति शाहूमहाराज हे जन्मानें कागलकर घाटगे. १८८४ सालच्या मार्चमध्यें दत्तविधान झालें आणि यशवंतराव घाटगे हे शाहू छत्रपति भोसले झाले. नांव जन्मानें येतें तसेंच कागदानेंही येतें, ह्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला असणार? १९१८ सालीं त्यांनीं आपल्या राज्यांतील वंशपरंपरेचीं कुलकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. पद जन्मानें मिळूं नये, कामानें मिळावें, हा शिवाजीमहाराजांचाच दंडक त्यांनीं पुन्हां घालून दिला. पुढच्याच वर्षीं, १९१९ सालीं, कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेनें त्यांस 'राजर्षि' ही पदवी दिली. इंग्रज सरकारनें दिलेलीं त्यांचीं बिरुदें आज कोणाच्या लक्षांतही नाहींत. शेतकऱ्यांच्या सभेनें दिलेलें बिरुद मात्र त्यांच्या नांवापासून वेगळें करतां येत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९१९ सालीं युरोपांत हाच प्रश्न कायद्यापुढें आला. महायुद्धांत बादशाह्या कोसळल्या होत्या. ऑस्ट्रियानें एप्रिल महिन्यांत कायदा करून सरदारकी आणि तिचीं सर्व चिन्हें रद्द केलीं. नांवांतील 'फॉन'सुद्धां पुसून टाकला. जर्मनीनें ऑगस्टमधील आपल्या नव्या घटनेंत निराळा मार्ग धरला. जन्मामुळें मिळणारे हक्क नष्ट झाले, नव्या पदव्या देणें बंद झालें. परंतु असलेलीं बिरुदें केवळ नांवाचा भाग म्हणून ठेवण्यास मोकळीक दिली. तेव्हांपासून जर्मनींत 'फॉन' हें अक्षर आडनांवांत लिहिलें जातें, पण त्याच्यावर कसलाही हक्क सांगतां येत नाहीं.

भारताची वाट ह्या दुसऱ्या प्रकारच्या जवळची आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ सालच्या मार्चच्या पहिल्या तारखेस मुंबई राज्यांत विलीन झालें. १९५० सालीं अमलांत आलेल्या घटनेच्या अठराव्या कलमानें सैन्यांतील आणि विद्येच्या क्षेत्रांतील पदव्या वगळून राज्यसंस्थेनें कोणासही किताब देऊं नये असें ठरविलें. भारतरत्न आणि पद्म हे सन्मानसुद्धां नांवाच्या मागें-पुढें लावूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं सांगितलें. उरलेली राजेपणाची मान्यता आणि तनखे १९७१ सालच्या घटनादुरुस्तीनें संपले. खेड्यापाड्यांतील वतनेंही गेलीं. मुंबई राज्यांतील कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, आणि महाराष्ट्रांतील मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें. मात्र कोणाच्या आडनांवाला कायद्यानें हात लावला नाहीं. पाटिलकी गेली, पाटील राहिले.

पाटिलकी रद्द करणारा कायदा झाला त्याच १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्याची एक वसाहत पुढें ह्याच पुलाच्या शिरोलीजवळ, पुणें-बंगळूर मार्गालगत उभी राहिली. लोखंडाचें ओतकाम हा तेथील मुख्य धंदा. अशा ठिकाणच्या हजेरीपटावर पाटील, देसाई, सरनोबत, इनामदार, कुलकर्णी, जमादार, मुजावर, लोहार आणि कुंभार हीं आडनांवें एकाखालीं एक येतात. एके काळीं ह्यांतील प्रत्येक नांव म्हणजे एक काम, एक मान आणि गांवच्या उत्पन्नांतील एक वांटा होता. कोणाचा मोठा, कोणाचा लहान. भट्टीपुढें उभें राहिल्यावर सरनोबताला आणि कुंभाराला दिवसाचा रोज त्याच्या हातच्या कसबाप्रमाणेंच मिळतो. त्यांतील कोणी उद्यां गांव सोडून दूर गेला, तर तेथील शेजारी त्यास शिरोलीकरही म्हणतील. शिरोलींत असेपर्यंत त्याला ही पदवी सहसा मिळावयाची नाहीं.

ह्याचा अर्थ जुनीं नांवें फुकट आहेत असा नव्हे. आडनांव हा घरोघर जपलेला ऐतिहासिक कागद आहे. कोण कोठून आला, कोणी कोणाची चाकरी केली, कोणी कोणाचें ऋण मानलें, हें त्यांत लिहिलेलें असतें. परंतु कागद वाचणें निराळें आणि त्याच्या जोरावर येणें मागणें निराळें. लग्न जमवितांना, सभेंत पुढची जागा देतांना, कधीं कधीं मत देतांनाही, नांवांतील पदाला अद्याप वजन दिलें जातें. तेथें जी चूक होते, ती जुना कागद चालू हुंडी समजण्याची होय.

मराठी 'कर'चे दोन अर्थ होते, एक गांव सुटल्याचा आणि दुसरा गांव मिळाल्याचा. दुसरा अर्थ कायद्यानें संपला. आज कागलकर असोत, बावडेकर असोत वा पलुसकर असोत, सर्वांच्या 'कर'चा अर्थ एकच उरला आहे: आम्ही त्या गांवचे. गांव आमचें, असें म्हणण्याचा अधिकार मात्र आतां त्या त्या गांवांत राहणाऱ्या सर्वांचा आहे.